शिफ्ट बदलली

"ही दुपारची खुर्ची म्हणजे शिक्षा आहे नुसती. पाठ टेकली की कुरकुरते, आमच्या हिच्यासारखी," शिंपीकाका काउंटरच्या काचेला नाक लावून पुटपुटले. "मास्तरची शिफ्ट बदलली म्हणालात, म्हणून सकाळची सोडून इकडे आलो. तर इथंही बेटा नाहीच! आता कुठं टाकलंत त्याला?"

काचेमागच्या बाईने मान वर केली नाही. डायलिसिस विभागात तिला सगळे बटणताई म्हणत. कोणता रुग्ण कोणत्या खुर्चीवर, ही यादी पूर्वी सिस्टर हाताने करत आणि रोज दोन माणसं एकाच खुर्चीवर बसवत. कॉम्प्युटरवाले वर्षभर "बघू" म्हणत राहिले. शेवटी बटणताईच घरी व्हिडिओ बघून मॅक्रो, म्हणजे एक्सेलला कामाला लावणाऱ्या आज्ञा, लिहायला शिकली. त्यापायी कितीतरी भाज्या करपल्या. आता शीटवरचं बटण दाबलं की मॅक्रो हॉस्पिटलच्या मुख्य डेटाबेसला प्रश्न विचारी आणि उत्तर ओळीओळीने शीटमध्ये उतरे.

प्रश्नात विभागाच्या साहेबांनी एक अट घालायला लावली होती: फक्त चालू रुग्ण. त्यामुळे कुणी गेलं की त्याची ओळ यायचीच नाही. कुणी विचारलंच, तर सिस्टरपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर, "शिफ्ट बदलली." कधीतरी कुणीतरी ते दयेपोटी म्हटलं असेल. पुढे ती सवयच झाली.

काकांनी पिशवीतून बुद्धिबळाचा चुंबकी पट काढून काचेला टेकवला. "चाल त्याची आहे. मी सोंगटीला हात लावलेला नाही. तुम्ही सांगत नसाल तर हा आठवडा मी खाडा करतो आणि त्याचं घर शोधून काढतो."

"खाडा नाही करायचा, काका!" ती ओरडलीच. एक खेप चुकली की यांच्या छातीत पाणी भरतं, हे तिने एकदा पाहिलं होतं. "बसा बाकावर. आलेच मी."

तिने मॅक्रो उघडला, अटीची ओळ पुसली, 'सद्यस्थिती'चा रकाना जोडला आणि बटण दाबलं. मास्तर आले. नावापुढे 'मयत', मंगळवारची तारीख.

"अगं बाई, हे काय करून ठेवलंस?" मागून स्क्रीनवर नजर टाकत सिस्टर म्हणाली आणि साहेबांना बोलावून घेऊन आली.

"ती अट परत टाका," साहेब हळू आवाजात म्हणाले. "पेशंट घाबरतील."

"यादी भिंतीवर लावत नाही मी. आपल्यापुरती आहे. कोण गेलं ते आपल्याला तरी दिसू दे."

"नोकरीवर येईल हं तुमच्या."

"येऊ दे की. माझीही खुर्ची कुरकुरतेच."

सिस्टरला हसू आलं, ते तिने गिळलं.

"हा घ्या मॅक्रोचा पासवर्ड," बटणताईने कागदाचा कपटा पुढे सरकवला. "तुमच्या हातानं टाका अट. मी नाही टाकणार. पण त्याआधी बाहेर जा आणि काकांना सांगा, ते कुणाचं घर शोधायला निघालेत."

साहेबांनी काचेतून पाहिलं. बाकावरून काकांनी हात हलवला. साहेबांनी गळ्यातलं ओळखपत्र उगाच सरळ केलं. "सिस्टर, तुम्हीच जरा..."

"आतलं मशीन वाजतंय वाटतं," म्हणत सिस्टर आत पळाली. मशीन काही वाजत नव्हतं.

बटणताई उठली. शीट तशीच उघडी ठेवली, मास्तरांच्या ओळीसकट. दार ढकलून ती काचेच्या पलीकडे गेली आणि काकांशेजारी बाकावर बसली. पट त्यांच्या मांडीवर होता. एक घोडा जरासा तिरका झाला होता, तो काका नखाने सरळ करत होते.

"काय मग, मिळाली का शिफ्ट?"

"काका, शिफ्ट नाही बदलली," ती म्हणाली. "मास्तर वारले. मंगळवारी."