अकरा बटणं

बायको गेल्याचं मला मंगळवारी सकाळी कळलं. मी एका गिऱ्हाइकाच्या घरी बेसिनखाली आडवा होतो, फोन तिच्या ऑफिसातून आला. पाना हातात तसाच धरून निघालो. चार दिवसांनी ऑफिसातल्यांनी पिशवीतून तिचा चष्मा, शाल आणि कीबोर्ड आणून दिला.

ती भाषांतरं करायची. कीबोर्ड तिनं सुटे भाग आणून स्वतः जोडलेला. कुठल्या बटणानं काय व्हावं तेही तिनंच ठरवलेलं.

आता तो लेकीला हवाय. तीही तेच काम करते.

"बाबा, त्यात नवीन फर्मवेअर टाकून पाठव. म्हणजे आतला प्रोग्रॅम. खालचं बारीक बटण दाबून धर, केबल लाव, मी दिलेली फाइल टाक. नळ बदलण्यापेक्षा सोपं आहे."

"आणि आईनं घातलेलं?"

"ते पुसलं जाईल. तिची मूळ फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर होती. त्यांनी तो साफ केला."

"रविवारपर्यंत थांब."

जुनी लाइन तोडण्याआधी कुठला कॉक काय बंद करतो ते मी बघून ठेवतो. तसंच एकेक बटण दाबून वहीत लिहायला बसलो. काही बटणं अंगठ्याजवळचं बटण धरल्यावरच चालतात. कॉम्प्युटरवर लेकीचे मेसेज उघडे होते, मी तिथेच दाबत होतो. एका बटणानं अख्खी ओळ पडली आणि आपली आपण लेकीला गेलीसुद्धा. शेवटचा एंटरही बायकोनंच घातलेला.

"उशीर होईल. जेवून घे, वाट बघू नकोस."

लगेच फोन. "बाबा, कुठे निघालास?"

"मी नाही. आईचं बटण आहे."

तिनं ती ओळ मोठ्यानं वाचली. मग म्हणाली, "म्हणजे रोज तुला ती हे टाइप करतच नव्हती? लबाड!"

दोघंही हसलो. त्या ओळीनंतर मी एकदाही तिच्या आधी जेवलो नव्हतो.

ओळ वहीत उतरवलीय. पण वहीत ती माझ्या अक्षरात आहे.

तीन रविवार गेले. लेक विचारत नाही. सगळी बटणं दाबून झाली की बायकोकडून नवीन काही यायचं नाही. अंगठ्याचं बटण धरून दाबायची अकरा राहिलीत. फर्मवेअरही टाकायचं राहिलंय.