दात नसलेल्यांच्या हातातली सफरचंदं

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात बारा वर्षं राबलेल्या बाईंना सगळे ‘फौजदार’ म्हणत. हे नाव त्यांनी निव्वळ गळ्याच्या जोरावर कमावलं होतं.

त्या दिवशी एक व्यापारी वाढदिवसानिमित्त फळवाटपाला येणार होते. फौजदारबाईंनी सकाळीच परसातल्या झाडाच्या पपया कापून ताटल्या भरल्या होत्या. व्यवस्थापकांनी त्या दारातूनच परत पाठवल्या. “आज नको. पपई फोटोत बरी दिसत नाही.”

व्यापारी साहेब तासभर उशिरा आले. सोबत पाच पेट्या सफरचंदं आणि फोटोवाला. व्हरांड्यात ओळीने बसवलेल्या म्हाताऱ्यांच्या हातात एकेक फळ ठेवलं गेलं. “हसा, आजोबा!” कोपऱ्यातले आजोबा हसले. तोंडाचं पार बोळकं.

दारात उभ्या असलेल्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“साहेब, हे खायचं कुणी?”

“म्हणजे काय? सफरचंद आहे. पौष्टिक असतं.”

“पोटात गेलं तर ना! चाळीस माणसांत आठजणांना धड दात आहेत. त्यातून याचा हंगाम कधीच संपला. महिनोन्‌महिने शीतगृहात पडलेला माल हा. इथे मागे पपई झाडावर पिकतेय. मऊ आहे, पोट साफ ठेवते, डोळ्यांनाही चांगली. ती आत, आणि हे बाहेर!”

“बाई, आत जा,” व्यवस्थापक दातओठ खात म्हणाले.

“जाते. पण मागच्या वाटपातली दीड पेटी सडली, ती मी उचलून टाकली. तेव्हा कुठे होता तुमचा फोटोवाला?”

मग मोतीबिंदूवाल्या आजींनी हातातलं सफरचंद शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. “मला बाई पपईच दे.” पाठोपाठ आणखी तिघांनी हात पुढे केले. साहेब तडक गाडीत जाऊन बसले.

संध्याकाळी व्यवस्थापकांनी बजावलं, “साहेबांना फोन करून माफी मागा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

“माफी त्या आजोबांची मागा. फळ धरून धरून हात कापत होते त्यांचे.”

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला हजर झाल्या. त्यांना अडवून चाळीस माणसांचा स्वयंपाक करणार कोण? व्यवस्थापकांनी मान वर केली नाही. पपईच्या ताटल्या मात्र मुकाट्याने बाहेर गेल्या.

सफरचंदं टाकायला बाईंचा जीव होईना. दुपारभर बसून त्यांनी ती सोलली, वाफवली, घोटून मऊ केली. हात चालत होते, आणि तोंडही. साहेबांचा उद्धार पार फाटकापर्यंत ऐकू येत होता.