कैलासाच्या अंगणात गोवर्धन

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे पुंजारामच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. अमेरिकेचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. भाव अजून चढेल म्हणून पुंजारामने दोन हंगामांचा माल विकलाच नव्हता. ओसरी, माजघर, देवघराची कड, जिथे पाहावं तिथे कापसाचे ढीग. त्याचा नातू गोवर्धन त्या ढिगांवरच निजला, बसला, लोळला. दोन वर्षांचा होत आला तरी चालत नव्हता, एवढंच.

एवढंच कसलं! त्याच्या आईला, सुभद्राला, दुसरं काही सुचत नव्हतं. जावेची पोर त्याच्या मागून जन्मली आणि आता कोंबड्यांमागे धावत होती. सुभद्रा रोज त्याचे गुडघे दाबून पाही, पोटऱ्यांना तेल चोळी, आणि पडेल, विंचू चावेल, बैल तुडवेल या धास्तीने पुन्हा कडेवर घेई. जाऊ मनकर्णा हसायची, "पहाडाचं नाव ठेवलं बाई तुमी, मंग थो हालन कसा?"

शेवटी सासूने, गोदाबाईने, वेरूळच्या घृष्णेश्वराला नवस केला आणि अकोल्याजवळच्या त्यांच्या गावाहून बैलगाडी निघाली. वेरूळ म्हणजे मोगलाई, निजामाचा मुलूख. माहेर आणि सासर यापलीकडे काही न पाहिलेली सुभद्रा परक्या अमलात चालली होती. गाडीत गोवर्धनसाठी तिने हातभर कापूस अंथरला होता.

नाक्यावर शिपायाने त्यात काठी खुपसली.

"ये क्या? चोरी से रुई ले जा रहे?"

"नाई हो खाँसाहेब," पुंजाराम म्हणाला, "नातवाचं बिछानं हाये थे."

शिपायाने गोवर्धनकडे पाहिलं. "इतना बड़ा हो गया, उतरता नहीं?"

गाडी सुटली, पण सुभद्राचा पदर बराच वेळ डोळ्यांशी होता.

घृष्णेश्वरापुढे गोदाबाईने नातवाला उभं केलं. त्याने फतकल मारली. पुन्हा उभं केलं, पुन्हा फतकल.

"देवाले घाई नसते," गोदाबाई म्हणाली. पण तिचाही आवाज उतरला होता.

सुभद्राचा नवरा सूर्यभान कुणाकडेच न बघता म्हणाला, "बैल थकले. तवर कैलास लेनं पाहून येऊ."

लेण्याच्या दारातून सगळे आत गेले. डोंगराच्या पोटात अख्खं देऊळ उभं होतं. तीन बाजूंनी उभे कडे, मधे शिखर, खांब, आणि अंगणात खऱ्याएवढे दगडी हत्ती.

"एवढे दगड वाहून आनले कसे बावा?" सूर्यभानने विचारलं.

पुंजाराम भिंतीवरून हात फिरवत होता. "आनले नाई. सांधा दाखव बरं कुठं. हे लोक वरून खाली उतरले, इहीर खंदल्यावानी. अन् मधलं तेवढं राखलं."

"मंग निंगालेला दगड कुठं फेकला?"

"तुह्या सासरी," गोदाबाई म्हणाली.

सुभद्रासुद्धा हसली, कितीतरी दिवसांनी. मग तिची मान वर गेली ती गेलीच. त्या तिथे, माथ्यावर, कुणीतरी पहिला घाव घातला असेल. त्याला हे अंगण दिसलंही नसेल. त्याची लेकरं तेव्हा कुठे असतील? कड्याच्या काठाशी खेळत असतील? कोण बघत असेल त्यांच्याकडे? हात भरून आला होता. कडेवरचं ओझं तिने कधी खाली सोडलं ते तिलाच कळलं नाही.

भानावर आली तर पायाशी पोर नाही.

गोवर्धन हत्तीच्या पायाला धरून उभा होता. उभा! ती झेपावली तशी गोदाबाईने तिचा दंड धरला.

"थांब. हात नोको लावू."

"पडन थो, आत्याबाई!"

"पडू दे. तू नाई पडली काय?"

गोवर्धनने हात सोडला. एक पाऊल टाकलं आणि खालच्या गार दगडाकडे नवलाने पाहिलं. आणखी एक. मग आपटला. ओठ काढला, रडावं की नाही याचा विचार केला, आणि उठून पुन्हा चालू लागला.

सुभद्रा त्याचे तळवे बघत होती. बोटं दगड घट्ट धरत होती. घरी तीच बोटं कापसात बुडायची. पाय खचायचा, पोर बसायचं. इतके दिवस तिने गुडघे तपासले, पायांखाली काय आहे ते पाहिलंच नव्हतं.

सासऱ्याशी ती सहसा बोलत नसे. आज पदर सावरून बोलली. "मामंजी, त्याच्या पायात काई खोट नाई. आपल्या घरात जमीनच नाई."

पुंजारामने नातवाच्या तळव्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "घरी गेल्याबरोबर गाड्या भरू. समदा माल अकोल्याले."

"अन् भाव अजून चढला त?" सूर्यभान.

"चढू दे ना बावा. नातू चालून राहिला, अन् मी काय बाजार पाहात बसू?"

गोदाबाईने घृष्णेश्वराच्या दिशेने हात जोडले. "त्याचीच करनी. त्यानंच बैल थकवले."

तोवर गोवर्धन दुसऱ्या हत्तीपाशी पोचला होता. सुभद्राने उचललं, तर अंगाची कमान करून ओरडला. खाली ठेवला, गप्प. हत्तीला वळसा घालून तो थेट जिन्याकडे निघाला.

"अवो, पायऱ्या! पायऱ्या हायेत तिकडं!" ती धावली.

"चला आता," सूर्यभान दारातून म्हणाला, "बैल ताजे झाले."

"मंग तुमीच धरा तुमच्या लेकाले!" सुभद्रा धापा टाकत म्हणाली, आणि पदर खोचून पुन्हा त्याच्या मागे पळाली.