ऑर्लीनाची जागा

मी एक जुना बास आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगाला अजून धुराचा वास येतो. तो का येतो ते पुढे सांगेन. बास म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातला सगळ्यांत थोराड भाऊ. माणसापेक्षा उंच, पोट सुटलेलं, आवाज खर्जातला. मला मांडीवर किंवा खांद्यावर घेऊन कोणी वाजवू शकत नाही. माझ्याशेजारी उभं राहावं लागतं आणि मला कवेत घ्यावं लागतं.

मी काही उंची लाकडाचा नाही. पातळ फळ्या एकमेकींवर चिकटवून एका कारखान्यात माझं पोट घडवलं. शाळकरी मुलांचे धक्के सोसावेत म्हणून आम्हाला तसंच बनवत. केंटकीच्या डोंगरांत, एका खाणीच्या वस्तीवरच्या शाळेत मी आलो. पुढे खाण बंद पडली, वस्ती उठली आणि शाळेलाही कुलूप लागलं. तेव्हा एक खाणकामगार मला घरी घेऊन गेला. एवढं लाकूड कशाच्या तरी उपयोगी पडेल असं त्याला वाटलं असावं. त्याच्या मुलीने, ऑर्लीनाने, मला कोपऱ्यात उभं केलं, एक तार छेडली आणि दचकून हात मागे घेतला. मग हसली आणि पुन्हा छेडली. तेव्हापासून मी तिचा.

लग्न होऊन ती शेजारच्या खोऱ्यात डेन्झिल स्टिडमच्या घरी आली, तेव्हा तिच्याबरोबर मोठ्या वस्तू दोनच होत्या, आईने शिवलेली गोधडी आणि मी. डेन्झिल गिटार वाजवायचा आणि गायचा. त्याचा धाकटा भाऊ अर्व्हिल बँजो वाजवायचा. एक चुलतभाऊ व्हायोलिन घेऊन यायचा. असे सगळे मिळून ‘स्टिडम मंडळी’ झाले. शाळांच्या पडव्यांत, चर्चच्या अंगणांत, शनिवारी सकाळी रेडिओवर, जिथे बोलावणं येई तिथे आम्ही जात असू. आमच्या संगीताला लोक ब्लूग्रास म्हणू लागले होते. त्यात विजेचं काही नव्हतं. लाकूड, तार, कातडं आणि माणसांचे गळे, बस्स.

मोटारीत मी मावत नसे. ऑर्लीना मला गोधडीत गुंडाळून टपावर चढवायची आणि दोराने बांधायची. ती गाठ फक्त तिलाच येत असे. डेन्झिलने एकदा बांधून पाहिली आणि पहिल्याच वळणावर मी ओढ्यात जाता जाता वाचलो. त्यानंतर कितीतरी वर्षं त्याने दोराला हात लावला नाही.

आता आमची वाजवायची रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. तेव्हा सगळ्या मंडळींना मिळून एकच माईक असे. ज्याची पाळी तो पुढे सरकणार, आपला तुकडा वाजवणार आणि बाजूने मागे येणार; तोवर दुसरा त्याच्या खांद्याला खांदा न लागू देता आत शिरणार. बँजो गेला की व्हायोलिन, व्हायोलिन आलं की गळे. कोणी कोणाला खूण करत नसे. सगळे फिरत राहायचे, आणि मधोमध, जरा मागे, ऑर्लीना आणि मी उभे. आम्ही हलत नसू. तिला वळसा घालूनच सगळ्यांना जावं लागे आणि तिच्या ठोक्यावरच पाऊल टाकावं लागे. बासची गंमत अशी की तो वाजत असताना कोणाचं त्याच्याकडे लक्ष जात नाही. थांबला की मात्र सगळ्यांना चुकल्यासारखं होतं. ऑर्लीनाचंही तसंच होतं. लोक डेन्झिलच्या गळ्याची तारीफ करायचे, अर्व्हिलच्या बोटांची करायचे. तिला कोणी काही म्हणाल्याचं मला आठवत नाही. ती घरी येऊन गुमान पीठ मळायला घ्यायची.

मग शहरातून एक माणूस आला. त्याने डेन्झिलला सांगितलं की, गळा सोन्यासारखा आहे, पण हे डोंगरातलं वाजवणं आता जुनं झालं. ड्रम हवेत, विजेच्या गिटारी हव्यात, कपड्यांना चमक हवी. बाईमाणूस एवढं धूड घेऊन मागे उभं आहे, हे शहरात बरं दिसत नाही. डेन्झिलने मान डोलावली. वाईट माणूस नव्हता तो, पण त्याला अवघड बोलणं जमत नसे. त्याने ऑर्लीनाला काही सांगितलंच नाही.

निघायच्या दिवशी ती नेहमीप्रमाणे मला गोधडीत गुंडाळून अंगणात घेऊन आली. दोर तिच्या हातात होता. डेन्झिलने मोटारीत अर्व्हिलशेजारी विजेच्या गिटारीची नवी पेटी ठेवली, दार लावलं आणि टपाकडे न बघताच म्हणाला, “अगं, या खेपेला राहू दे ते.”

ती इतकंच म्हणाली, “बरं.” मोटार वळणाआड गेली तरी दोर तिच्या हातातच होता. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या आकाराची लाज वाटली.

त्यानंतर माझा मुक्काम परसातल्या धुराच्या खोलीत पडला. तिथे डुकराच्या फऱ्या टांगून हिकरीच्या लाकडाचा धूर देत. घेवड्याच्या शेंगा दोऱ्यात ओवून सुकायला टाकत, आणि त्या दोऱ्यांचं एक टोक माझ्या मानेला बांधलेलं असे. वाद्याचा खांब झाला म्हणून मी रडलो नाही, कारण ते दोरे बांधायला ऑर्लीनाच यायची. हिवाळा आला की माझ्या तारा सैल करायची, ताणाने मान मोडू नये म्हणून. उन्हाळ्यात पुन्हा चढवायची. शेंगा काढायला आली की जाता जाता एक तार छेडायची. एकदाच. आणि दार ओढून घ्यायची.

डेन्झिल आणि अर्व्हिल बाहेर नाव कमावत होते. बसमधून फिरत होते. सणावारी घरी आले की मोठ्याने बोलत, कारण विजेच्या वाद्यांच्या आवाजाने दोघांचे कान गेले होते. पण लोकांची आवड कधी कोणाजवळ टिकते? त्यांच्यापेक्षा जास्त चमकणारी पोरं आली. बस गेली, ड्रमवाला गेला, शहरातला माणूस तर कधीच गेला होता. एका हिवाळ्यात दोघे भाऊ केस पिकवून कायमचे घरी परतले.

शेगडीपाशी बसून अर्व्हिलने जुना बँजो काढला आणि डेन्झिलने लाकडी गिटार. काही दिवसांनी अर्व्हिल म्हणाला, आपण मुळात जे होतो तेच पुन्हा होऊ. वीज नको, एकच माईक. डेन्झिलचे डोळे भरून आले. लगेच दोघे धुराच्या खोलीत आले, शेंगांचे दोरे सोडले आणि मला उचलून बैठकीच्या खोलीत नेलं. मला वाटलं, संपला वनवास. आता ऑर्लीना हात पुसत येईल.

ती आली नाही, कारण तिला कोणी बोलावलंच नाही. चुलतभाऊ व्हायोलिन घेऊन पुन्हा येऊ लागला, आणि बास वाजवायला तालुक्याच्या गावातून रॉइस नावाचा माणूस आला. हात चांगला होता त्याचा, स्वभावही गरीब. पण सगळ्यांचा पार विचका झाला. एका माईकपाशी ते एकमेकांना धडकू लागले. बँजोची खुंटी गिटारीच्या कडेवर आपटली. इतकी वर्षं प्रत्येकाला स्वतःचा माईक होता, स्वतःची जागा होती. आपली पाळी नसताना गप्प कसं राहावं हेच ते विसरले होते. रॉइस बिचारा कधी डावीकडे सरके, कधी उजवीकडे, कारण नेमकं कुठे उभं राहायचं हे त्याला कोणी सांगू शकत नव्हतं. आणि स्वयंपाकघराच्या दारातून ऑर्लीना हे सारं बघत होती. शेंगा मोडता मोडता तिच्या पायाचा अंगठा जमिनीवर ठोका धरत होता. मला तो दिसत होता.

एकदा रॉइस गेल्यावर अर्व्हिलने बँजो खाली ठेवला. “डेन्झिल, वहिनीला विचार.”

डेन्झिल म्हणाला, “तिचे हात बघितलेस का? सांधे सुजलेत.”

“हातांचं ती बघेल. तू विचार.”

“आणि नाही म्हणाली तर?”

“म्हणू दे की. तेवढा हक्क आहे तिचा.”

डेन्झिलने शेगडीत एक लाकूड सारलं. मग त्याचा चेहरा उजळला. त्याला एक युक्ती सुचली होती, आणि ती फक्त जन्मभर लोकांपुढे उभ्या राहिलेल्या माणसालाच सुचावी. मे महिन्यात आमच्या डोंगरात कबरी सजवायचा रविवार असतो. सगळी भावकी टेकडीवरच्या दफनभूमीत जमते, कबरींवर माती चढवते, मेणात बुडवलेली कागदी फुलं वाहते आणि तिथेच पंगत मांडते. त्या दिवशी आम्ही वाजवू, डेन्झिल म्हणाला, आणि सगळ्यांदेखत माईकवरून मी तिला बोलावीन. सगळे टाळ्या वाजवतील. कशी चकित होईल बघ!

अर्व्हिल म्हणाला, “आत्ता विचार. ती आत भांडी घासतेय.”

“तुला मजा कळत नाही,” डेन्झिल म्हणाला.

मला जे माहीत होतं ते त्या दोघांना माहीत नव्हतं. रोज सकाळी दोघे दुकानाकडे गप्पा मारायला गेले की ऑर्लीना बैठकीत यायची. पदराखाली काही लपवावं तसे हात एप्रनमध्ये धरून यायची. माझी धूळ पुसायची, खुंट्या पिळून तारा सुरात आणायची आणि मला कवेत घ्यायची. पहिल्या दिवशी बोटं दुखून तिला मध्येच थांबावं लागलं. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, बोटं तोंडात धरली आणि परत आली. बोटांची कातडी मऊ झाली होती, तिला फोड आले. ते फुटले, त्यांवर नवे आले. ती वाजवतच राहिली. एका सकाळी जुन्या गाण्याचा ठोका तिने एकदाही न अडखळता शेवटपर्यंत नेला. मग माझ्या मानेला गाल लावून हळूच म्हणाली, “बोलावलं तर आता लाज जाणार नाही आपली.”

त्याच आठवड्यात ती गेली. सकाळी मला सुरात लावून कोंबड्यांना दाणे घालायला बाहेर पडली आणि अंगणातच कोसळली. दाण्यांचं भांडं आधी पडल्याचा आवाज मी ऐकला.

आमच्याकडे तेव्हा शेजारणीच मेलेल्या बाईला न्हाऊ घालत. व्हेस्टा नावाची म्हातारी शेजारीण ते करून बाहेर आली आणि डेन्झिलपाशी थांबली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच नवल होतं. “डेन्झिल, या वयात हिच्या बोटांना ताजे फोड कसे रे? उजव्या हाताच्या या दोन बोटांनाच. कसलं काम करत होती ही?”

व्हेस्टाने दाखवायला आपली दोन बोटं वर धरली होती, ती डेन्झिलने बघितली. मग माझ्याकडे बघितलं. माझ्यावर धुळीचा कण नव्हता. त्याला सगळं कळलं. तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

अर्व्हिलने त्याला जवळ घेतलं नाही. दारात उभा राहून तो म्हणाला, “माईकवरून विचारायचं होतं ना तुला? स्वयंपाकघर भिंतीपलीकडे होतं.” एवढं बोलून तोही रडू लागला.

कबरी सजवायचा रविवार आला. डेन्झिलने मला तिच्या गोधडीत गुंडाळून टपावर चढवलं. ती गाठ त्याला बांधता येईना. पुन्हा पुन्हा बांधली, पुन्हा पुन्हा सोडली. शेवटी अर्व्हिलने गाडी हाकली आणि डेन्झिल खिडकीतून हात बाहेर काढून टेकडीपर्यंत मला धरून बसला. माझ्या कडेला हा लांब ओरखडा आहे ना, तो तेव्हा उतरवतानाचा.

तिची कबर अजून ओल्या मातीची होती. शेजारी देवदाराचं झाड होतं. डेन्झिलने मला त्या झाडाला टेकवून उभं केलं, मधोमध, जरा मागे. रॉइस आला होता. त्याने हे बघितलं, टोपी काढली आणि लोकांत जाऊन बसला. माईक कोणी आणलाच नव्हता. सुरुवात करण्याआधी डेन्झिल मातीच्या ढिगापाशी वाकला आणि जवळच्यांनाही नीट ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला, “ऑर्लीना, येतेस का आमच्यात?”

तो उठला आणि त्याने गिटार गळ्यात अडकवली. मग ते वाजवू लागले. आणि मित्रांनो, त्या दिवशी कोणीही कोणाला धडकलं नाही. बँजो पुढे गेला, बाजूने मागे आला. व्हायोलिन आत शिरलं. प्रत्येकजण माझ्याशेजारच्या त्या रिकाम्या जागेला वळसा घालून जात होता. तिथे कोणी उभं असल्यासारखं जपून, खांदा चोरून.

मध्येच माझी एक तार गुणगुणू लागली. व्हेस्टाने देवाचं नाव घेतलं. डेन्झिल गाता गाता थांबला. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. ती ऑर्लीना नव्हती. जवळ तोच सूर वाजला की सुरात लावलेली तार आपोआप थरथरते, एवढंच. बँजोने तो सूर वाजवला होता. पण तार सुरात कोणी लावली होती? माझ्या बाकीच्या तारा तोवर उतरल्या होत्या. ही एक तिने त्या सकाळी जिथे चढवली तिथेच होती.

आता मी बैठकीच्या खोलीत असतो. डेन्झिल रोज माझी धूळ पुसतो, पण माझ्या खुंट्यांना कोणालाही हात लावू देत नाही. एक एक करून सगळ्या तारा उतरत आहेत, तीसुद्धा. मला त्याचं काही म्हणणं नाही. मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं वाद्य असेल तर त्याला शेगडीपासून दूर ठेवा, हिवाळ्यात तारा सैल करा, अधूनमधून एक तार छेडत जा. आणि तुमच्या घरात मागे उभं राहणारं कोणी माणूस असेल तर त्याला बोलवायला चांगला दिवस शोधत बसू नका. ते भिंतीपलीकडेच असेल. उठा, दारात जा आणि हळूच विचारा.