पायाखालचा चेहरा

जेवण झालं की यत्तीन सुतार अंगणात भिंतीला टेकून बसायचा. पोटात मसूर आणि बिअर गेली की त्याच्या चेहऱ्यावर तृप्ती पसरायची, आणि नेमका तेव्हाच त्याचा जावई कासा खापरीचा तुकडा नि कुंचली घेऊन समोर यायचा. कासा राजाच्या चित्रशाळेत कामाला होता. सासऱ्याच्या थडग्यातलं चित्र आपणच काढणार, असं त्यानं स्वतःहून कबूल केलं होतं.

"नाक थोडं सरळ करू का, मामा?"

"अजिबात नको. हुनेरोनं जन्मभर या वाकड्या नाकाला नावं ठेवली. सरळ केलंस तर तिथं पश्चिमेला, मेलेल्यांच्या मुलखात, ती मला दारातूनच हाकलेल. म्हणेल, हा कोण बाबा परका?"

"आणि दाढी?"

"दाढी तर हवीच! नि हा मससुद्धा. जावईबापू, सगळं जसंच्या तसं."

"बघा हं," तामित आतून ओरडली, "बाबांच्या दाढीतच सगळा रंग संपायचा!"

तिघंही हसले. तामित यत्तीनची एकुलती एक लेक, नि तिला आता दिवस गेले होते.

यत्तीन उत्तरेकडच्या देवदारांच्या डोंगरातला. लहानपणी राजाच्या फौजेनं धरून आणला, मग इथंच सुतार झाला, इथल्या हुनेरोशी संसार केला, इथल्या देवांना कांदे वाहिले. दाढी मात्र ठेवली. गल्लीतली माणसं त्याला 'दाढीवाला परका' म्हणून चिडवायची, आणि तोही मजेत ओ द्यायचा. हुनेरो गेल्यावर त्याला एकच लोभ उरला होता. दोघांनी मिळून डोंगरात खोदलेल्या थडग्यात आपला खरा चेहरा तिच्या शेजारी असावा. मेल्यावर माणूस चित्रातच राहतो. चेहरा चुकला तर ती ओळखणार कशी?

राजानं पाय ठेवायचे पाट तो जन्मभर घडवत आला होता. त्यांच्यावर हात मागे बांधलेले परके रंगवायची रीत होती. राजा सिंहासनावर बसला की शत्रू आपसूक टाचेखाली. त्या सगळ्यांना एकच बोकडाचं तोंड असायचं. यत्तीनला त्याचं कधी काही वाटलं नाही. त्यात आपलं कोण आहे, म्हणायचा. आताही सणासाठी नवा पाट करून त्यानं चित्रकारांकडे कोराच पाठवला होता, नि तोही त्याच्या गावाकडच्या देवदाराचा.

"झालं चित्र, मामा," एके सकाळी कासा म्हणाला. "डोळासुद्धा भरला." डोळा सगळ्यात शेवटी भरायचा. तो भरला की चित्र बघू लागतं.

यत्तीन हुनेरोसाठी मधाची भाकरी घेऊन डोंगर चढला. भिंतीवर हुनेरो छान बसली होती. तिच्या शेजारी होता एक विशीतला पोरगा, गुळगुळीत गालांचा, सरळ नाकाचा, डोक्यावर केसांचा टोप. शेजारच्या थडग्यातही हाच पोरगा बसलेला त्यानं पाहिला होता.

"हुनेरो," तो म्हणाला, "हा कोण गं बसलाय तुझ्याशेजारी?"

भाकरी तशीच ठेवून तो तडक चित्रशाळेत गेला. आत मुकादमाचा आवाज चढला होता.

"चेहरा झकास जमलाय रे कासा! नव्या राजाला बोकड नकोत, खरी माणसं हवीत, ते बरोबर केलंस. पण डोळा बघ. हा कुठं हरलेला वाटतो? ढेकर देऊन बसलाय नुसता! संध्याकाळपर्यंत डोळा बदल, नाहीतर तुझी जागा दुसऱ्याला."

मुकादम निघून गेला. यत्तीननं कासाच्या खांद्यावरून वाकून पाटाकडे पाहिलं. वाकडं नाक, मस, दाढी. क्षणभर त्याला आनंदच झाला. कुणीतरी आपल्याला हुबेहूब काढलं होतं. मग गळ्यातला दोर दिसला, नि मागे आवळलेले हात.

"कासा."

जावई दचकला. "मामा, तुम्ही इथं?"

"थडग्यात मी का नाही?"

"आपल्या थडग्यांत असं काढत नाहीत, मामा. तिथं सगळे तरणे नि गुळगुळीत. मस, वाकडं नाक हे फक्त परक्यांचं काढतात. मी तुम्हाला आपल्यातलं केलं."

"आणि हे?"

"मुकादमाला परक्याचा खरा चेहरा हवा होता. माझ्याकडे एवढा एकच होता."

"केसानं गळा कापलास रे! भरल्या पोटानं, हसत बसलो मी तुझ्यासमोर. मुलगी दिली तुला. उद्या पुजारी यात प्राण फुंकणार. मग हुनेरोनं मला शोधायचं कुठं? टाचेखाली?"

"जागा गेली तर तामितनं काय खायचं?" कासा पुटपुटला.

यत्तीननं कमरेचा तासायचा वाकस उपसला. लाकूड त्याच्या ओळखीचं होतं. एकदा तासलं की चेहरा भुश्यात गेला असता. पण राजाचा पाट बिघडला तर फटके कासाला बसणार होते, नि लेकरासकट रस्त्यावर येणार होती तामित. त्यानं वाकस खाली ठेवला. डोळे भरून आले. तो जावयाकडे बघत राहिला. निदान याची मान तरी खाली जाईल, असं त्याला वाटलं.

कासाची मान खाली गेली नाही. अंगणात बघायचा तसाच, डोळे बारीक करून, तो सासऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. नजर न हलवता त्यानं हातानंच कुंचली चाचपली.

"मामा," तो हळूच म्हणाला, "हलू नका. असंच बघत राहा."