ओढ्याकाठचा गुंता

मित्रांनो, मी एक जुना जीपीएस आहे. मुठीत मावेन एवढा, पिवळ्या रंगाचा, एका कोपऱ्यावर काळी चिकटपट्टी लावलेला. विजेच्या तारांना गुंडाळतात तीच ही पट्टी. माझे मालक लाइनमन होते. घरात काहीही फुटले तरी त्यांचा उपाय हाच असे.

माझे काम तुम्हाला खरे वाटणार नाही. वीस हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह फिरत असतात. त्यांची अगदी क्षीण हाक मी ऐकतो. चार हाका जुळल्या, की मी पृथ्वीवर नेमका कुठे आहे हे मला कळते. मला घेऊन कुणी चालू लागले, की त्याच्या मागे माझ्या पडद्यावर एक बारीक रेघ उमटत जाते. इतकी वर्षे झाली, तरी पहिली हाक ऐकू आली की मी थक्क होतो.

पण त्याहून मोठे नवल मी एका लांब टेबलाभोवती पाहिले.

मालक निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी मला त्यांच्या हाती दिले. पस्तीस वर्षे खांबांवर चढलेल्या माणसाला घरात बसवेना. वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी चार-पाच माणसे जमत आणि संगणकावर, इंटरनेटवरचा एक नकाशा भरत. तो नकाशा सगळ्या जगाचा होता. त्यात कुणीही रेघ काढावी, कुणीही ती दुरुस्त करावी. पगार नाही, साहेब नाही. मालक तिथे जाऊ लागले आणि खिशातून मीही.

नुसती रेघ काढून भागत नसे. प्रत्येक रेघेला खूण द्यावी लागे: हा मोठा रस्ता, ही गल्ली, ही गाडीवाट, ही पाऊलवाट. त्यावर तासन् तास चर्चा चाले. एकदा औषधाच्या दुकानदारांनी एका डांबरी रस्त्याला मोठ्या रस्त्याची खूण दिली. भूगोलाच्या बाईंनी विचारले, तो जातो कुठे? तो एका बंगल्याच्या फाटकाशी संपत होता. शेजारची धुळीची वाट मात्र दोन गावे जोडत होती. मग धुळीची वाट वरच्या दर्जाची ठरली आणि डांबरी रस्ता बंगल्याची खासगी वाट झाला. दुकानदार म्हणाले, "डांबराचा एवढा अपमान मी कधी पाहिला नव्हता."

विजेच्या तारांचा विषय निघाला की सगळे मालकांकडे पाहत. रस्त्याकडेच्या खांबांवरची तार लहान, डोंगरावरून जाणाऱ्या लोखंडी मनोऱ्यांवरची मोठी. मनोऱ्यावरच्या चिनी मातीच्या तबकड्या मोजून ते तारेतल्या विजेचा दाब अंदाजाने सांगत. पण नकाशात मात्र लिहू देत नसत. "मनोऱ्यावरची पाटी वाचली का? नाही ना? मग दाबाची चौकट रिकामी ठेवा. रिकामी चौकट खोटं बोलत नाही," असे म्हणत.

मालकांची लेक दूरच्या शहरात नोकरी करी. फोनवर बाप-लेकीला बोलायला विषय पुरत नसत. तिने नकाशाचे काम शिकून घेतले आणि आकाशातून काढलेली छायाचित्रे पाहून घरबसल्या आपल्या गावाकडचा भाग भरू लागली. मग फोन लांबू लागले. मी टेबलावर पडल्या पडल्या ऐकत असे.

एका रविवारी दवाखान्याच्या सिस्टर माडीवर आल्या. हातात लशींचा डबा होता, आतला बर्फ वितळलेला.

"तुमच्या नकाशावर रस्ता आहे हो," त्या शांतपणे म्हणाल्या, "फक्त जमिनीवर नाही."

टेकडीपलीकडच्या वस्तीला जायला पक्क्या रस्त्याने तीस किलोमीटरचा वळसा होता. नकाशात मात्र जंगलातून एक सरळ रस्ता दिसला, म्हणून त्यांनी स्कूटर घातली. ती घळीत अडकली. लशी वाया गेल्या, अकरा मुले दंड उघडे करून वाट पाहत राहिली.

नकाशात प्रत्येक रेघेमागे ती काढणाऱ्याचे नाव असते. बाईंनी ते उघडले. दुकानदारांनी वाकून पाहिले. "दादा, तुमच्या लेकीने रस्ता सरकारपेक्षा झटपट बांधला की," ते म्हणाले, आणि लगेच त्यांना वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी मालक मला घेऊन तिथे गेले. रस्ता नव्हताच. मनोऱ्यांच्या तारांना फांद्या लागू नयेत म्हणून खालची झाडे तोडून ठेवलेली पट्टी होती ती. आकाशातून ती रुंद रस्त्यासारखी दिसते. मालक मान वर करून उभे राहिले. टेकडीमागून टेकडी ओलांडत मनोरे चालले होते आणि तारा मंद गुणगुणत होत्या. पस्तीस वर्षे ज्यांनी तारा सांभाळल्या, त्यांच्याच लेकीने तारांखालच्या जागेला रस्ता म्हटले होते.

त्यांनी चूक लपवली नाही. रेघ पुसली आणि कारण लिहिले: 'चालून पाहिले. रस्ता नाही.' मग लेकीला फोन केला. ती रडवेली झाली. ते म्हणाले, "अगं, वरून पाहिलं की मलाही रस्ताच दिसला असता. आता खरी वाट शोधू."

वस्तीतले लोक जंगलातून एका पायवाटेने येत. मालक ती या बाजूने चालत गेले. चढ सुरू झाला तसे त्यांचे थांबणे वाढले. ओढ्याशी एका सपाट दगडावर ते बसले आणि वीस मिनिटे बसून राहिले. मित्रांनो, माणूस थांबला तरी माझ्या कानांवरच्या हाका किंचित हलत असतात. त्यामुळे एका जागी थांबले, की माझी रेघ सुतासारखी स्वतःभोवती गुंतत जाते. तसा एक गुंता तिथे झाला. "उरलेलं पुढच्या महिन्यात वस्तीकडून करू," असे मला सांगून ते परतले. घरी येऊन त्यांनी माझ्या बॅटऱ्या काढल्या आणि मला खणात ठेवले.

पुढच्या महिन्यात ते नव्हते.

खणात मी किती दिवस होतो ते सांगता येत नाही. बॅटऱ्यांशिवाय मला काळ कळत नाही. हाक ऐकू आली तेव्हा मी लेकीच्या हातात होतो. तिने मालकांची रेघ नीट पाहिली. अर्धी वाट, पुढे कोरी जागा. उरलेले अंतर एका सरळ रेघेने जोडायला तिला क्षणही लागला नसता. तिने तसे केले नाही. ती सिस्टरांना घेऊन वळशाने वस्तीत गेली आणि तिकडून चालू लागली.

ओढ्याशी तिची रेघ मालकांच्या गुंत्याला येऊन टेकली. तिने पडद्याकडे पाहिले, मग दगडाकडे. "इथे बसले होते," एवढेच ती म्हणाली. सिस्टरांनी डबा खाली ठेवला. कुणी घाई केली नाही.

रविवारी वाटेची खूण ठरली: पाऊलवाट, मध्ये ओढा, गाडी जात नाही. दुकानदार म्हणाले, "नावाच्या चौकटीत दादांचं नाव लिहू या." सगळ्यांना ते पटले.

लेकीने मला मुठीत आवळून धरले. तिला ते नाव तिथे किती हवे होते, हे मला तिच्या मुठीवरून कळले.

"तिथले लोक या वाटेला काही म्हणत नाहीत," ती म्हणाली. "चौकट रिकामी राहू दे."

आता सिस्टर डबा खांद्याला लावून त्याच वाटेने पाऊण तासात वस्तीत पोहोचतात. बर्फ तसाच असतो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना खणात ठेवताना आमच्या बॅटऱ्या काढा. नाहीतर त्या पाझरतात आणि आत साठवलेले सगळे कुजते. आणि न चाललेल्या वाटेची रेघ काढू नका. नकाशावर वाट स्वच्छ दिसावी, म्हणून लेकीने तो गुंता तिथून सोडवला. माझ्या आत मात्र तिने त्याला हात लावला नाही. तो तिथेच आहे, ओढ्याकाठी, वीस मिनिटांचा.