वन्संचं गाणं

घशाचं ऑपरेशन झालं आणि वन्संचा आवाज कायमचा गेला. त्या आमच्याकडे राहायला आल्या, त्या गळ्यात पेन्सिल अडकवून आणि हातात पाटी घेऊनच. आल्या आल्या त्यांनी लिहिलं, "दादाने माझं गाणं रेकॉर्ड केलं होतं. ते ऐकायचंय."

केलं होतं खरं. ती दुपार मला अजून आठवते. रेकॉर्डिंगमध्ये घरघर नको म्हणून ह्यांनी पंखा बंद केला होता आणि आम्ही सगळे घाम पुसत, श्वास रोखून बसलो होतो. आता हे नाहीत, आणि त्यांचा कॉम्प्युटर भंगारात निघाला होता. मुलाने त्यातलं सगळं नव्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं, पण गाणं काही त्यात नव्हतं. बाबांनीच पुसलं असेल, म्हणाला. वन्संनी पाटी पालथी घातली. जेवतानासुद्धा ती पालथीच.

सुनेची नोकरी प्रोग्रॅम लिहिण्याची. संध्याकाळी ती घरी येते तेव्हा डोळे ओढलेले असतात. तरी चहा बाजूला ठेवून ती जुन्या कॉम्प्युटरपुढे बसली. लपवलेल्या फाइली नुसत्या बघून दिसत नाहीत, म्हणाली, आणि उतरवून घेताना मागेच राहतात. म्हणून तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याने प्रत्येक फाइलला एकच विचारायचं, तू लपवलेली आहेस का? मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मी आपली खुर्ची ओढून मागे बसले, वन्सं दाराशी.

सगळीकडून उत्तर आलं, नाही.

सून कपाळ धरून बसली. जरा वेळाने स्वतःशीच हसली. तिच्या ऑफिसातल्या मशीनवर नावाआधी टिंब दिलं की फाइल लपते, म्हणून सवयीने ती टिंबच शोधत बसली होती. ह्या कॉम्प्युटरवर टिंबाला कोण विचारतंय? इथे लपवल्याची खूण निराळीच असते. तिने ती ओळ खोडून दुसरी लिहिली. पुन्हा नाही, नाही. मग एकदाच, हो.

"पण बाबांनी लपवलं कशाला?" ती म्हणाली.

वन्संनी पाटी सरळ केली. "वहिनीपासून."

खोटं नव्हतं. माझ्या हाताला आवरायची खोड, नको वाटलं की टाकलं, कॉम्प्युटरवरचंसुद्धा. टिकवायचं ते माझ्या हाती लागू द्यायचं नाही, हा ह्यांचा जन्माचा नियम. छत्रीसुद्धा कपाटावर ठेवायचे.

गाणं लागलं. वन्सं भिंतीकडे बघत ऐकत होत्या. मध्येच सूर घसरला आणि त्यांचा तेव्हाचा आवाज करवादला, "दादा, बंद कर ना रे ते. पुन्हा म्हणते."

वन्संनी हात वर केला. सुनेने थांबवलं. गाणं नको होतं त्यांना. बोट मागे मागे नाचवून त्यांनी फक्त तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. ओठ हलत होते. चहा निवून गेला, तरी कुणी उठलं नाही.

शेवटी सुनेने थकलेल्या आवाजात विचारलं, नव्यावर उतरवताना लपवल्याची खूण काढू का?

वन्संनी माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं, "राहू दे. वहिनी अजून आवरते."